घेर, उंची, मालक, शेरा

चिपळुणात एका प्रभागाला मला तीन महिने लागले.
झाडगणतीचा फॉर्म साधा: जात, घेर, उंची, मालक, शेरा.
पण फीत संपायची, झाड संपायचं नाही.
मग ओढणी जोडायची फितीला,
आणि ओढणी मोजायची घरी जाऊन.

वडाच्या खोबणीत पिंपळ, पिंपळावर आमरी,
आमरीच्या मुळांत कसलंसं नेचं.
विचारलं कार्यालयात, हे एक की चार?
उत्तर आलं, एक लिहा.
मी चार लिहिली.

मालकाच्या रकान्यात काय लिहिणार?
कुणी लावलं म्हणून विचारलं तर माणसं हसत.
लावायला कशाला पाहिजे, बाई,
कुऱ्हाड ठेवली की आलंच.

घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, असा नियम.
वाशिष्ठीकाठच्या करंजांवर
पुराची रेघ त्याहून वर आहे,
हात उंचावला तरी बोट पोचत नाही.
शेवाळानं ती झाकत आणलीय.
शेऱ्यात मी काही लिहिलं नाही,
त्या आठवड्यात आम्हीही माळ्यावर होतो.

मग रत्नागिरी.
जांभा, जांभ्याचा गडगा, गडग्यापलीकडे जांभा.
पहिल्याच सकाळी अर्धी वाडी उरकली
आणि मला चोरी केल्यासारखं वाटलं.
समुद्राकडची झाडं सगळी एका बाजूला कललेली,
कुणी हाक मारली म्हणून वळावीत
आणि तशीच राहावीत.

जोडीला इरफान फणसोपकर. फीत तो धरायचा, आकडे मी.
म्हणाला, भुवडबाई, तुमच्या गावचं हिरवं म्हणजे
चिखलाला फुटलेली दाढी.
मी म्हटलं, आणि तुमचं?
टकलावर टाकलेला ओला रुमाल.
तो इतका हसला की फीत सुटली, पुन्हा मोजावं लागलं.

पण इथं मालकाचा रकाना पुरत नाही.
हा हापूस आजोबांनी, सुरुंग लावून खड्डा केला,
माती खाडीपलीकडून होडीनं आणली.
ही कलमं आत्याच्या लग्नाच्या वर्षी, त्यातलं एक गेलं.
हा फणस, याला चार उन्हाळे
आईनं डोक्यावरून पाणी घातलं.
एकेका झाडामागे अर्धा तास, चहा वेगळा.
माझा वेग चिपळूणवर आला.

भाद्रपदात इरफाननं स्कूटर गावाबाहेर काढली.
वर कातळ, उघडा, आभाळाएवढा.
इथं काय मोजायचं? मी विचारलं.
चपला काढा, तो म्हणाला.
खाली बघितलं तर पाय ठेवायला जागा नव्हती:
सीतेची आसवं, निळी, डाळीएवढी,
मधून गेंदाची पांढरी टोकं,
आणि ओलीच्या कडेनं लाल दवबिंदू,
एक डास धरून बसलेला.
बोटभर मातीही नाही खाली.
मी सवयीनं फीत काढली
आणि तशीच हातात धरून उभी राहिले.
फॉर्म सुरू होतो दहा सेंटिमीटर घेरापासून.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं,
दोन्ही शहरं पाहिलीत, जास्त हिरवं कुठलं?
आकडा सांगितला. चिपळूण, कितीतरी पटीनं.
खरंच आहे ते.
इरफान समोर बसून पेनाचं टोपण
काढत होता, लावत होता.

त्या शनिवारी घरी आले, मोरीत चपला धुतल्या.
तांबडं पाणी गेलं, थोडं कडेच्या फटीत राहिलं.
आता तिथं काहीतरी उगवलंय.
आमच्या मोरीत काय उगवत नाही म्हणा,
पण हे मला ओळखू येईना.
इरफानला फोटो पाठवला.
उशिरा उत्तर आलं:
गवत आहे साधं. उपटू नका.